समुद्र जागेवर आढळून आला

पत्रूजींनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ते पाण्यात गेले नाहीत, फोटोला उभे राहिले नाहीत, की हात जोडले नाहीत. त्यांनी पंचनामा केला.

तो कागद मला त्याच दिवशी फोनवर आला. फोटो तिरपा, कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचं नख, पण अक्षर एकदम ओळीत. मजकूर असा होता :

"मौजा बोर्डी, समुद्रकिनारा. आज रोजी सकाळी आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून पाहणी केली असता समुद्र जागेवर आढळून आला. रंग मातकट. हालचाल चालू. आवाज चालू. चतुःसीमा : पूर्वेस जमीन, उत्तरेस सदर समुद्र, दक्षिणेस सदर समुद्र, पश्चिमेस पाहिले असता शेवट आढळून आला नाही. पाणी चाखून पाहिले, खारट आहे. पंच क्रमांक दोन यांनीही चाखले. पंचनामा वाचून दाखविला, तो खरा व बरोबर आहे."

खाली दोन सह्या. एक नारळपाणीवाल्याची. दुसरी सकाळी फिरायला निघालेल्या एका गुजराती आजोबांची, गुजरातीतून.

पत्रूजी आमच्या गल्लीतले. इकडे गडचिरोलीकडं, चामोर्शीत आमच्या घराला लागून त्यांचं घर. मधे एक सीताफळाचं झाड, आणि ते झाड कोणाचं यावर दोन्ही घरांत आजवर न मिटलेला वाद. बत्तीस वर्षं वनरक्षक होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. वनरक्षक म्हणजे वाघामागे फिरणारा माणूस असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम थुटांमागे फिरण्याचं. जंगलात झाड तोडलेलं दिसलं की उरलेल्या थुटापाशी बसायचं, जवळच्या गावातून दोन माणसं पंच म्हणून आणायची, घेर मोजायचा, लिहायचं, वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. पंच मिळाले नाहीत तर समोर थूट असूनही कागदावर ते नाही. बत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं, ते पाहायचं असेल तर आमच्या गल्लीत यावं. पत्रूजींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी उरल्या : पंच असलेल्या, आणि झाल्याच नाहीत अशा.

"पंच कोन?" हा त्यांचा शब्द. नमस्काराच्याही आधी यायचा.

गल्लीतला कोणी धापा टाकत सांगायचा, "भाऊ, काल नाल्यापाशी वाघ दिसला!"

"पंच कोन?"

"एकटाच होतो ना भाऊ."

"मंग नाई दिसला."

"अवो, माह्यावर गुरगुरला थो!"

"वाघाले पंच धरता येत नाई. बस, च्या पे."

या शब्दानं ते एकदाच हरले, आणि तेही घरात. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईनं, केलेल्या भाजीत मीठ जास्त झालं असं ते जेवताना म्हणाले. शेवंताबाई म्हणाल्या, "पंच कोन?" आणि उठून माझ्या आईला आणि समोरच्या काकूंना हाताला धरून घेऊन आल्या. दोघींनी भाजी चाखली. दोघींनी एकमतानं सांगितलं की मीठ बरोबर आहे. माझी आई घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायली, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून पत्रूजी ताटात येईल ते मुकाट्यानं जेवायला लागले.

प्रामाणिक किती, तर विचारू नका. लग्नात सासऱ्यानं त्यांना सागवानी पलंग दिला होता. त्यावर वीस वर्षं झोपल्यावर एका दुपारी त्यांच्या डोक्यात आलं की या सागवानाचा कागद आपण कधी पाहिलाच नाही. झालं. लगेच पंचनामा. "सदर पलंगाचे पाय चार, पाटी दोन, कागदपत्र आढळून आले नाही." पलंग जप्त केला, भिंतीला उभा लावला आणि कागद साहेबांकडे पाठवला. साहेबांना काय करावं कळेना. नवरा फिर्यादी, नवराच आरोपी, आणि मुद्देमाल त्याच्याच खोलीत. चार महिने दोघं नवराबायको खाली सतरंजीवर झोपले. शेवटी सासरे पार सीमेवरच्या सिरोंचाहून जुनी पावती शोधून घेऊन आले. पावती तेलुगूत होती. ती वाचून घ्यायला अजून आठ दिवस लागले.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. ही गोष्ट मी कोणापासून लपवत नाही आणि कोणी विचारायची वाटही पाहत नाही. बी.ए.चं सर्टिफिकेट घेऊन मी घरी आले, तर बापानं हात धोतराला पुसले, तरी तो ते हातात घ्यायला तयार होईना. पत्रूजी सीताफळाखालून आले, चष्मा लावला, कागद उजेडात धरून शिक्का पाहिला आणि म्हणाले, "असं नाई. याचा पंचनामा पायजे." आणि केला. "सदर पदवी जागेवर आढळून आली. पदवीधारक मुलगी हसत होती." पंच म्हणून माझ्या बापाला बसवलं. बाप म्हणाला, "मले सही येत नाई ना, भाऊ." पत्रूजी म्हणाले, "अंगठा दे. सही करनारा पलटते, अंगठा पलटत नाई." तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. मी इथल्या शाळेत शिकवायला लागले, लग्न होऊनही याच गल्लीत राहिले, केस पांढरे व्हायला लागले, तरी मी त्यांची ग्रॅज्वेटच.

तर असा हा माणूस या पौषात एका सकाळी आपली बावीस इंची काळी सायकल धुऊन पुसून अंगणात उभी करतो आणि गल्लीला सांगतो की मी समुद्राच्या काठाकाठानं जाणार. एकटा. गुजरातच्या हद्दीपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत.

"काऊन पण भाऊ?" माझी आई म्हणाली. "गुडघे पाहा तुमचे."

"बत्तीस वर्षं जंगलाची हद्द पाह्यली. आता देशाची पाहातो. कोनी सरकवली तं नाई ना."

"समुद्र कोन सरकवीन?"

"पाहाले काय जाते?" आणि मग सायकलच्या घंटीला फडकं मारत, माझ्याकडे न पाहता, "जाता जाता त्या पोरीचं गाव लागलं तं लागलं."

आता इथं खरं काय ते सांगून टाकते, कारण गल्लीत ते सगळ्यांना कळलं होतं, आणि आपण कोणाला कळू दिलं नाही असं फक्त पत्रूजींना वाटत होतं.

त्यांना एकच मुलगी, रोशनी. गडचिरोलीला नर्सिंग शिकली, तिला कोकणात सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, वेंगुर्ल्याच्या पुढे एका समुद्रकाठच्या गावात. शेवंताबाई तोवर गेल्या होत्या. तिथं तिनं नितीन नावाच्या मुलाशी लग्न जमवलं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. लग्न कचेरीत झालं. पत्रूजी गेले नाहीत. त्यानंतर सात वर्षं बापलेकीचा एक फोन नाही. रोशनी मला फोन करायची, "ताई, बाबा जेवतात का नीट?" आणि पत्रूजी कुंपणावरून मला विचारायचे, "कोनाचा फोन होता?" मी सांगायची, "रोशनीचा." ते म्हणायचे, "मी कुठी विचारलं?" आणि तिथंच उभे राहायचे.

चामोर्शीहून त्या गावाला सरळ जायचं तर रेल्वे आहे, बस आहे, दोन दिवसांत माणूस पोचतो. पण सरळ गेलं की गेलं असं होतं. त्यात मान जाते. म्हणून या गृहस्थानं पार उलट्या टोकाला जाऊन अख्ख्या महाराष्ट्राचा किनारा सायकलनं उतरायचं ठरवलं, का, तर पोरीच्या दारात उभं राहून म्हणता यावं, "इकडूनच चाललो होतो." इतकी लांबलचक सबब मी कुठं पाहिली नाही. सबब टेपनं मोजता आली असती, तर तिचा घेर आमच्या आलापल्लीच्या सागापेक्षा जास्त भरला असता.

मी त्याच दिवशी रोशनीला कळवलं. ती म्हणाली, "येऊ दे. पण मी आणाले नाई जानार. मी आणाले गेली तं ते आयुष्यभर म्हणतीन, मले आणलं होतं, मी आलो नवतो." बापाचीच मुलगी ती.

पुढं रोज संध्याकाळी, चहाच्या वेळेला, पंचनामा यायचा आणि मागोमाग फोन.

मुंबईचा पंचनामा झालाच नाही. "ग्रॅज्वेट, इथी मानूस थांबतच नाई वो. मी पंच म्हटलं तं एक जन पाच रुपये देऊन गेला." पुढं खाडी लागली की सायकल फेरीबोटीत चढवावी लागे, आणि यांच्या मनात शंका, की न चालवता केलेलं अंतर उद्या कोणी धरेल का. म्हणून बोटीत सायकल स्टँडवर लावून, पलीकडचा काठ येईपर्यंत हे वर बसून पायडल मारत राहिले. बोटीवरच्या तिकीटवाल्यानं पंच म्हणून सही केली आणि शेरा मारला, "इसम पूर्ण वेळ पाय हलवत होता."

हर्णैला एका मासेवालीनं सही करायला नकार दिला. तिनं कागद हातात घेऊन सगळा वाचला आणि विचारलं, "यात मासळी ताजी असल्याचं कुठं लिहिलंय?" पत्रूजींनी ओळ वाढवली, "मासळी ताजी आढळून आली." मग तिनं सही दिली. त्या दिवशी ते फोनवर नुसते खुश. "बत्तीस वर्षांत पहिली पंच, जिनं वाचून सही केली!" समुद्राची मासळी मुळातच खारट असणार, असं त्यांनी घरूनच धरलं होतं. ती तशी निघाली नाही, त्याचाही वेगळा पंचनामा आला. कोकणातला जाडा लाल भात मात्र त्यांना शेवटपर्यंत मानवला नाही. "हा भात आहे का गिट्टी? आपल्या सावली गावच्या धानाच्या बांधीतला तांदूळ यायले एकदा दाखवा लागते."

सगळे कागद मी एका फाईलला लावत गेले. पंधरा-वीस झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समुद्रावर मजकूर कमी कमी होत चालला होता. "समुद्र जागेवर, पूर्वीप्रमाणे," बस, एवढंच. आणि पंचांवर अर्धं पान. पंच क्रमांक एक यांचा मुलगा आखातात आहे, दर शुक्रवारी फोन करतो. पंच क्रमांक दोन यांचे दोन्ही कान अधू, पण बायकोचं ऐकू येतं. पंच क्रमांक एक यांनी घरी नेऊन सोलकढी पाजली, पंचनामा उशिरा सुरू झाला. एकटा माणूस परक्या गावात कोणाला म्हणणार, जरा माझ्यापाशी बसा? पंच व्हा म्हटलं की दोन माणसं अर्धा तास बसतात. त्यांनी मला असं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

असं करत करत मालवण गेलं, वेंगुर्ला आलं. रोशनीचं गाव तिथून पंधरा किलोमीटर. तिनं मालवणचा पंचनामा माझ्याकडून ऐकला आणि पाच दिवस सुट्टी टाकली. घर धुतलं. माझ्या आईला विचारून आमच्याकडच्या लाखोळीच्या डाळीचे वडे केले. नितीन रोज दुकानातून तिला फोन करून सासरे कुठवर आले ते विचारायचा, "खंय पावले गो?"

आणि इथं पत्रूजी थांबले.

पहिल्या दिवशी म्हणाले, "चेन सैल झाली." दुसऱ्या दिवशी, "वारा उलटा आहे."

"भाऊ, समुद्राले वारा असतेच."

"असते, पन इतका नाई."

तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बंदराचा पंचनामा आला, पाठोपाठ दीपगृहाचा, मग एका काजूच्या झाडाचा, घेरासकट. चौथ्या दिवशी ज्या धर्मशाळेत उतरले होते तिचा, खोल्या मोजून. एवढे शेकडो किलोमीटर न थांबता आलेला माणूस पंधरा किलोमीटरपाशी चार दिवस काजूची झाडं मोजत होता, आणि पंधरा किलोमीटर पलीकडे त्याची पोरगी रोज वडे तळून रोज शेजाऱ्यांना वाटत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रोशनी म्हणाली, "ताई, उद्या सुट्टीचा शेवटचा दिवस." नितीन मागून म्हणाला, "मी जावन हाडूं काय?" म्हणजे जाऊन घेऊन येऊ का. ती त्याच्यावर खेकसली, "कोनी नाई जायचं!" आणि फोन बंद केला.

लगेच पत्रूजींचा आला. "ग्रॅज्वेट, मी म्हणून राह्यलो, इथून सावंतवाडीचं स्टेशन जवळ आहे. ह्याच्यापुढं काय पाहाचं? समुद्र सारखाच आहे. उद्या गाडी धरतो."

माझ्या हातात पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी तो खाली ठेवला.

"भाऊ, तुम्ही काऊन थांबले ते मले माहीत आहे."

"पंच कोन?"

"मी."

"एक पंच चालत नाई. दोन लागते."

"दुसरी रोशनी. ती चार दिवस झाले, सुट्टी घेऊन घरी बसून आहे. वडे तळून राह्यली रोज."

ते बोलले, आणि आवाज पंचनाम्याचा नव्हता.

"तिच्या लग्नाच्या कागदावर तीन साक्षीदार होते, तूच सांगतलं होतं. एक तिची मैत्रीन. एक त्या पोराचा दोस्त. आन तिसरा कोन, तं कचेरीसमोरचा च्यावाला. मानूस कमी पडला म्हून त्याले बोलावला. मी बत्तीस वर्षं गावोगावच्या लोकाईले पंच म्हून बसवलो. आन माह्या पोरीच्या कागदावर च्यावाला."

"तुम्हाले बोलावलं नवतं?"

"बोलावलं होतं."

"तिकीट पाठवलं होतं ना तिनं?"

"पाठवलं होतं."

"मंग?"

"मी नवी पँट घालून स्टँडवर गेलो होतो," ते म्हणाले. "गाडी लागली. लोक चढले. मी तिकीट खिशात घेऊन तिथीच बाकड्यावर बसून राह्यलो. गाडी गेली. मंग दुसरी लागली, थे बी गेली. राग होता म्हून नाई. पोरगी दूर चालली, आन आपन सही करून देऊ, हे हाताले जमत नवतं. घरी आलो आन सगळ्याइले सांगतलं, मले पसंत नाई. हे तुले पहिल्यांदा सांगून राह्यलो, ग्रॅज्वेट. याले पंच नाई."

मंग झालंच नाई, असं त्यांच्याच भाषेत मी म्हणू शकले असते. पण तसं म्हणाले नाही. "जेवून घ्या भाऊ," एवढंच मी म्हणाले. उद्या सकाळी कुठं जाणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढचं सगळं मला दुसऱ्या दिवशी दुपारी रोशनीकडून कळलं, आणि काही नंतर त्यांच्याकडून, तुकड्या तुकड्यानं.

सकाळी ते निघाले. सावंतवाडीच्या फाट्यापाशी थोडा वेळ उभे राहिले आणि समुद्राच्या रस्त्याला लागले. दहाच्या सुमारास गावात पोचले. तिचं घर विचारलं, लांबून कौलं पाहिली, आणि दारात काय बोलायचं ते ठरवायला सायकल घेऊन किनाऱ्यावर गेले. समुद्र लांब गेलेला होता. ओली, टणक, सपाट वाळू. त्यांनी सायकल पार मधे नेऊन स्टँडवर लावली आणि स्वतः वर सुरूच्या सावलीत येऊन आडवे झाले.

ही चूक चामोर्शीच्याच माणसाकडून व्हावी. आमची वैनगंगा पावसाळा संपला की बाजूला सरकते आणि रेती मोकळी करून देते. माणसं त्या रेतीत टरबुजाच्या वाड्या करतात, खोपडी टाकून दोन दोन महिने राहतात. बैलबंडी सोडून बाजाराला गेलात तर आल्यावर ती तिथंच असते. नदी एकदा गेली की मृगापर्यंत परत यायची नाही, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. पाणी गेलं आणि त्याच दिवशी दुपारी परत आलं, असं पाणी पत्रूजींनी इतके दिवस त्याच्या काठानं येऊनही मनावर घेतलं नव्हतं. ते रोज त्याचा पंचनामा करत होते, पण अर्धाच तास.

किनाऱ्यावरचे लोक ओरडायला लागले तेव्हा डोळा उघडला. सायकलची सीट तेवढी पाण्यावर दिसत होती. पिशवी कॅरिअरला बांधलेली. हे धोतर खोचून कमरेपर्यंत पाण्यात गेले, दोन कोळ्यांनी धरून सायकलीसकट ओढून आणले. एक पायडल तुटलं, चेन निघाली. पिशवीतले झाई-बोर्डीपासूनचे सगळे मूळ कागद, नारळपाणीवाल्यापासून मासेवालीपर्यंतच्या सगळ्या सह्या, निळं पाणी होऊन गळत होत्या.

एका कोळ्यानं कुठून आलात ते विचारलं, "बाबानू, खंयसून इलास?" सायकल चालेना म्हणून त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि चालू लागले.

रोशनी अंगणात उभी होती. फाटकातून बाप आला तो खांद्यावर सायकल, अंगावरून पाणी गळतंय, एका पायात चप्पल नाही. ती म्हणाली, "ताई, मले इतकंच सुचलं. मी म्हटलं, सायकल बिघडली का बाबा? हे करतील ना दुरुस्त, या."

पाहा आता. ज्यासाठी हा माणूस महिनाभर पायडल मारत आला, ती सबब पोरीनं स्वतःहून त्याच्या हातात दिली होती, आणि ती खरीही होती. सायकल खरंच मोडली होती, साक्षीला दोन कोळी होते. नुसतं हो म्हणायचं होतं.

पत्रूजींनी सायकल खाली ठेवली.

"सायकल बिघडली म्हून नाई आलो," ते म्हणाले. "तुले भेटाले आलो. घरूनच तुले भेटाले निघालो होतो."

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. गोव्याची हद्द तिथून दहा-बारा किलोमीटर. सायकल नितीननं त्याच संध्याकाळी नीट करून दिली, नवं पायडलही टाकलं. पत्रूजी अजून गेलेले नाहीत. देशाची हद्द सध्या तशीच आहे, तपासायची राहिली आहे. मासळी रोज खातात, भाताला रोज नावं ठेवतात.

त्या दुपारी मी रोशनीला विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काई नाई. आंघोळ करा म्हटलं, अंगाले मीठ लागलं आहे. पाणी काढून दिलं."

"रडली नाहीस?"

"तेव्हा नाई. स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरून राह्यली होती, एकदम बरी होती. सात वर्षांत त्यांनी माह्यं नाव घेतलं नवतं, ताई. दारात बी नाई घेतलं, नुसतं 'तुले' म्हटलं. आन मंग न्हाणीतून आवाज आला..."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"'रोशनी, साबन कुठी आहे वो?'"